मधलीचा रविवार

बाबांना शुक्रवारी दवाखान्यातून घरी आणलं आणि रविवारी सकाळी अकराला थोरल्याने सगळ्यांना बोलावलं. मुख्याध्यापक माणूस, त्याने निरोपातच लिहून टाकलं होतं की विषय एकच आहे आणि सर्वांनी वेळेवर हजर राहावं. वहिनीने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं आणि म्हणाली, "अहो, बहिणींना पाठवताय, शिक्षकांना नाही." मग त्याने 'हजर राहावं' खोडून 'या' केलं.

विषय खरंच एकच होता. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती, आणि निदान तीन महिने त्यांच्याजवळ सतत कोणीतरी लागणार होतं. सोमवार ते शनिवार दिवसा एक बाई येणार होत्या. संध्याकाळ आणि रात्र मधलीकडे, कारण ती याच घरात राहत होती. राहता राहिला रविवार, बाईंच्या सुट्टीचा. थोरला, त्याची बायको आणि धाकटी या तिघांनी फोनवर बोलून त्याचाही निकाल लावून टाकला होता. मधलीने रविवारचं जाणं बंद करायचं. तिला ते सांगायचं तेवढं बाकी होतं, आणि त्यासाठी ही सभा.

मधलीचा रविवार हा या घरात कधी विषयच झाला नव्हता. सोळा वर्षं दर रविवारी ती जेवून पाऊण वाजता बाहेर पडायची आणि सातला परत यायची. कुठे, तर पलीकडे. नदीपलीकडचा तो भाग शहराचाच, पण या घरात 'पलीकडे' हा शब्द असा उच्चारला जायचा की तिकडे माणसं राहतात की नाही याचीच शंका यावी. याला कारण बाबा. एकतीस वर्षं त्यांनी या धक्क्यावरून त्या धक्क्यावर माणसं नेणारी बोट चालवली, दिवसाला बावीस खेपा. तिकडे बोट आठ मिनिटं थांबायची, आणि तेवढ्यात चालवणाऱ्याने जागा सोडायची नाही असा नियम होता. त्यामुळे पलीकडच्या धक्क्याच्या पायऱ्या ते जन्मात चढले नाहीत. पोरंही तेच शिकली. पलीकडे म्हणजे जिथून वळून परत यायचं ती जागा.

थोरल्याने घसा साफ केला. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि बाबा झोपले असावेत असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"मी दोष द्यायला बसलेलो नाही," तो म्हणाला, आणि दोष द्यायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली, जणू ती कोणाला ठाऊकच नव्हती. बाबा न्हाणीघरात पडले. पाच वाजता खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी नळावर काहीतरी आपटल्याचा आवाज ऐकला, त्या किल्ली घेऊन वर आल्या आणि त्यांनी त्याला फोन केला. धाकटी बाबांना घेऊन दवाखान्यात गेली. मधलीचा फोन बंद. ती कुठे असते, कोणाकडे असते, कोणालाच माहीत नाही. तेव्हा तो थेट धक्क्यावर गेला. दर अर्ध्या तासाला बोट येते. त्याने सात बोटी पाहिल्या. उतरणाऱ्या एकेका बाईच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. इकडे मधली सातलाच घरी येऊन दवाखान्यात पोचलीसुद्धा होती, कारण पूल झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, ती बसने येत-जात होती. बोटवाल्याच्या घरातल्या माणसाला हे सुचलंच नाही. त्यात स्वतःचा फोन तो घाईत घरी विसरला होता. नऊच्या सुमाराला धाकटीला आठवण झाली की दादा कुठाय, आणि वहिनी त्याला धक्क्यावरून घेऊन आली.

हे त्या दिवसानंतर पाचव्यांदा सांगितलं जात होतं, आणि दर वेळी तो सात बोटींपाशी आवाज चढवायचा. कोणालाही वाटावं की साडेतीन तास ताटकळल्याचा राग आहे. राग होताच. पण खरी गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. पाचव्या बोटीच्या वेळी त्याच्या मनात आलं होतं की आपली बहीण उद्या तिकडे कुठे चक्कर येऊन पडली, तर तिला ओळखणारं एकही माणूस आपल्याला माहीत नाही. कोणाचं नाव नाही, कोणाचं दार नाही. लहानपणी एका ताटात जेवलेलो आपण, आणि सोळा वर्षांत तिला एवढंही विचारलं नव्हतं. त्याला तिथे धक्क्यावर रडू आलं होतं, आणि रडू आलेल्या माणसाला पुढे फार दिवस रागावून राहावं लागतं.

"तर रविवार," तो म्हणाला. "आम्ही तिघांनी विचार केला."

"तिघांनी," मधली म्हणाली. एवढंच.

* * *

धाकटी खिडकीच्या कठड्याला टेकून बसली होती. ती लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होती, आठवड्याला पाळी बदलायची, आणि तिच्या पाळीचं कारण इतकं भक्कम होतं की तिला कोणी काही विचारणारच नव्हतं. फोनवर वहिनीने बेत सांगितला तेव्हा तिने 'हो' म्हणून टाकलं होतं. फोन ठेवल्यावर आपल्याला हायसं वाटलं हे तिच्या लक्षात आलं आणि ते तिला आवडलं नव्हतं.

दादाचं भाषण चाललं होतं. मांडीवर हात ठेवून ताई ऐकत होती. ही बाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे सांभाळते. कुठल्या रस्त्याखालून कुठली नळी जाते हे अख्ख्या शहराला तिला विचारावं लागतं, आणि घरात मात्र पडद्याचा रंगसुद्धा तिला कोणी विचारलेला नाही. आपणही नाहीच, हे धाकटीला तेव्हा आठवलं.

"ताई," ती मध्येच म्हणाली, "तू तिकडे करतेस काय?"

दादा थांबला. वहिनीने हातातला कप खाली ठेवला.

मधलीने सांगितलं, आधी अडखळत, मग जरा सावरून. ती सहा-सात माणसं आहेत. एक निवृत्त पोस्टमन, त्यांना तिकडचं दार न् दार ठाऊक. एक दातांची डॉक्टर. एक वाद्यं दुरुस्त करणारी बाई आणि तिचा बहिरा नवरा. बाकीचे येतात जातात. दर रविवारी दीडला पोस्टमनच्या घरी जमायचं, आणि कोणीच आधी न पाहिलेल्या रस्त्याने चालत निघायचं. रस्ता ती ठरवते, जुन्या नकाशांवरून. ज्या रस्त्याने गेलो त्याने परतायचं नाही आणि फोन पोस्टमनच्या जुन्या थैलीत टाकून त्यांच्याच घरी ठेवायचे, असे दोन नियम. बंद पडलेली विटांची भट्टी पाहिली आहे. एका ठिकाणी नाट्यगृहांचे पडदे धुतात, तिथे वाळत घातलेल्या लाल पडद्यांमधून चालत गेलो. एका बागेत अंध माणसांसाठी वासाची झाडं लावलेली आहेत, तिथला माळी आता ओळखीचा झालाय. वाटेत कोणाकडे तरी चहा होतो. कोणी आजारी असलं तर फिरणं रद्द, सगळे त्याच्या घरी. दातांच्या डॉक्टरची आई गेली तेव्हा चार रविवार तिच्या स्वयंपाकघरात बसून काढले.

"मला तिकडे कॅप्टन म्हणतात," ती शेवटी म्हणाली, आणि लाजली.

धाकटी हसली. मग तिला दिसलं की ताई हसण्यासाठी ते सांगत नव्हती. बावन्न वर्षांची ही बाई घरात सगळ्यांच्या मधली होती, तिचं नावच तेवढं होतं. आणि बसने वीस मिनिटांवर सहा-सात माणसं दर रविवारी तिच्या तोंडाकडे बघत होती की आज कुठे न्यायचं.

"म्हणजे तुम्ही नुसते फिरता," थोरला म्हणाला.

"हो."

"काही काम नाही, संस्था नाही."

"नाही, दादा. नुसते फिरतो."

* * *

वहिनीला धक्का बसला होता, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तिची गेल्या दहा वर्षांची पक्की समजूत होती की पलीकडे एक पुरुष आहे. औषधाच्या दुकानात उभं राहून राहून तिला माणसांच्या गुपितांचा अंदाज आला होता, आणि हे गुपित तिने मोठ्या मनाने पोटात ठेवलं होतं. नवऱ्याने कधी विषय काढलाच तर ती तो उडवून लावायची. मधली रविवारी निळी साडी नेसायची तेव्हा तिला मनातून बरं वाटायचं. आणि आता कळत होतं की ती विटांची भट्टी पाहायला जात होती.

पुरुष असता तर गोष्ट सोपी होती. त्याला म्हणता आलं असतं, बाबा रे, तीन महिने थांब, नाहीतर इकडे येऊन बस. एका माणसाकडून दुसऱ्या माणसासाठी काहीतरी मागता येतं. पण या बाईला जे हवं होतं ते इतकं साधं होतं की ते काढून घ्यायला हात धजेना. आठवड्यातून पाच तास आपल्या पायांनी आपल्या मनाने चालणं. वहिनीने आठवून पाहिलं की आपण असं शेवटचं कधी चाललो होतो. दुकान, घर, दुकान. तिला एकाएकी मधलीचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्यावर ती न्यायी झाली. सगळ्यांचं असं होत नाही, पण तिचं व्हायचं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आपण येऊ की रविवारी. दुपारी तुम्ही काय करता, पेपर वाचता आणि झोपता."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. "हा बेत तुझाच होता."

"होता. आता नाही."

"मला जमणार नाही, असं म्हणत नाही मी. पण त्यांना आंघोळ घालायची, उठवायचं, बसवायचं... माझ्याकडून ते होईल का?" त्याचा आवाज खाली आला. "मी त्यांच्या अंगाला कधी हात लावलेला नाही. त्यांना ते आवडणार नाही."

"मलाही कोणी शिकवलं नव्हतं," मधली म्हणाली.

यावर दोघा नवरा-बायकोत कुजबुजत थोडं झालं आणि रविवार वाचतोय असं वाटू लागलं. तेवढ्यात जिने सगळं सुरू केलं होतं तीच धाकटी उलटली. तिच्या डोळ्यांपुढे सारखी त्या दिवशीची न्हाणीघराची फरशी येत होती. दवाखान्यात बाबांचे कपडे कापून काढले ते तिने. डाव्या कुशीची कातडी दाबली जाऊन जांभळी पडली होती, ओठ सुकले होते. थोड्याशा वेळात असं होत नाही हे ती डॉक्टरांनी सांगायच्या आधीच जाणून होती.

"मला बोलू दे," ती म्हणाली. "तुझ्या चालण्याबद्दल माझं काही नाही, ताई. ते ऐकून मला तुझा अभिमान वाटला. पण बाबा चार तास गार फरशीवर पडून होते, आणि तुझा फोन कुठल्यातरी थैलीत होता. मी रोज आईबापांना सांगते की पोराला एकटं सोडू नका. तुला कसं नाही सांगू?"



* * *

मधलीला उत्तर येत नव्हतं असं नाही. उत्तरं पुष्कळ होती. सोळा वर्षांत आज पहिल्यांदा विचारलंत. आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं मी पलीकडे गेले नाही, ते कोणाच्या लक्षात आलं का? बाबा पडले त्या सकाळपर्यंत स्वतः जिना उतरून दूध आणत होते, मग मी कशाला फोन उराशी धरून बसू? पण ही सगळी उत्तरं तिने गेल्या तीन आठवड्यांत स्वतःलाच इतक्यांदा दिली होती की त्यांच्यात आता जोर राहिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर कोणी विचारत नाही याचा तिला नुसता राग नव्हता. बरंही वाटायचं. कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं. जे घरात आणलं ते सगळ्यांचं झालं, हा या घराचा रिवाज तिला चांगला ठाऊक होता. म्हणून तिने ते पलीकडेच ठेवलं, आणि ठेवलेलं सांभाळायला फोन थैलीत टाकला. तो नियम पोस्टमनचा नव्हता. तो तिनेच घातला होता.

"बरोबर आहे तुझं," ती धाकटीला म्हणाली. "मी नाही जाणार. तीन महिने काय, बंदच करते. दादा, झालं तुझं काम."

थोरल्याला आता ते नको होतं. तो तसं म्हणालाही. वहिनी म्हणाली की एवढं टोकाला जायची गरज नाही, एकाआड एक रविवार करू. धाकटी रडायला लागली आणि म्हणाली की माझा अर्थ तसा नव्हता. ज्याने त्याने आपला शब्द मागे घेतला, पण मधलीने आपला घेतला नाही. तिला एक विचित्र समाधान वाटत होतं. गुन्हा आपला आहे म्हटल्यावर शिक्षा घेऊन मोकळं होता येतं.

तेव्हा आतून हाक आली.

"सगळे इकडे या."

बाबा जागे होते. बहुधा सुरुवातीपासूनच. पाठीशी दोन उशा, पायावर चादर, दाढीचे खुंट वाढलेले. मुलं पलंगाभोवती उभी राहिली, लहानपणी काही फुटल्यावर रांगेने उभी राहायची तशी. बाबा मुळात कमी बोलणारे. बोटीच्या इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, तीच सवय घरात राहिली होती. आता तर दोन शब्दांमध्ये त्यांना दम घ्यावा लागत होता.

"मी कधी पडलो म्हणता?" त्यांनी विचारलं.

"दुपारी, बाबा," धाकटी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, चार-एक तास झाले असतील. म्हणजे एकच्या सुमाराला."

"पाऊण वाजता." त्यांनी मधलीकडे पाहिलं. "तू बाहेर चप्पल घालत होतीस."

मधलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. न्हाणीघराचं दार बंद होतं. तिने बाहेरून सांगितलं होतं, बाबा, मी निघाले. एरवी ते नुसतं 'हूं' म्हणायचे. त्या दिवशी आतून स्पष्ट आवाज आला होता, "हो, ये. सावकाश ये." एवढे शब्द तिला त्यांच्याकडून कित्येक दिवसांत मिळाले नव्हते. ती अख्खा रस्ता त्यावर खूश होती. पोस्टमनला तिने सांगितलंही होतं की आज बाबा छान मूडमध्ये आहेत.

"तेव्हा तुम्ही खाली पडलेले होतात?" ती म्हणाली.

"हो."

"बाबा, मी दाराबाहेर होते. चार पावलांवर. हाक का नाही मारली?"

"रविवार होता तुझा."

थोरला पलंगाच्या कडेवर बसला.

बाबांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि राहिलेलं सांगून टाकलं. आधी वाटलं होतं मुका मार आहे, जरा वेळाने उठू. मग पाय हलेना. तेव्हाही नळावर तांब्या आपटला असता तर खालच्या बाई वर आल्या असत्या आणि कोणालातरी तिच्यामागे धाडलं असतं. म्हणून ती पलीकडे पोचेपर्यंत थांबले. अर्धा-पाऊण तास. त्यानंतर आपटायला लागले, पण बाई गावात गेल्या होत्या, त्या आल्या पाचला. तेवढा हिशोब चुकला.

"एकतीस वर्षं उभा होतो मी," ते म्हणाले, "चार तास आडवा पडलो, तर काय मोठंसं."

पाण्याचा पेला त्यांनी धाकटीकडे परत दिला.

"पहिली काही वर्षं ही माझ्याच बोटीने जायची. उतरली की पायऱ्या धावत चढायची. घरात कधी धावताना पाहिली नाही हिला." त्यांनी डोळे मिटले. "मी पडून राहिलो ते काय म्हणून? तुम्ही बाहेर बसून वाटणी करावी म्हणून?"

धाकटीने चेहरा फिरवला. वहिनी चादरीची सुरकुती काढत राहिली, जिथे सुरकुती नव्हती तिथेही. थोरल्याने बाबांच्या पायावर हात ठेवला, अवघडून, दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला लावावा तसा, आणि तो उचलला नाही.

"मला दाखव," तो मधलीला म्हणाला. "कसं उठवायचं, भांडं कसं द्यायचं, सगळं. दर रविवारी किती वाजता येऊ?"

"साडेबाराला," मधली म्हणाली.

"सव्वाबारा झालेत. आज आम्ही आहोतच," वहिनी म्हणाली. "तू आवर. जा."

मधलीने थोरल्याला दाखवलं. मानेखाली हात कसा घालायचा, दुखरा पाय आधी कसा सरकवायचा, बाबा 'नको' म्हणाले तर ते कुठल्या वेळी मनावर घ्यायचं आणि कुठल्या वेळी नाही. मग ती साडी बदलायला गेली आणि कपाटापुढे उभी राहिली. तिला आज कुठेही जायचं नव्हतं. बाबांच्या उशाशी बसायचं होतं, त्यांचा हात हातात घ्यायचा होता, त्या चार तासांतला एकेक तास त्यांच्याजवळ बसून भरून काढायचा होता. पण हे आता त्यांना सांगण्याची सोय राहिली नव्हती. आतून त्यांचा आवाज आला, ती निघाली का म्हणून थोरल्याला विचारत होते.

सोळा वर्षं ती हौसेने गेली होती. आता मन असो नसो, दर रविवारी तिला जावंच लागणार होतं.

"निघाले, बाबा," ती म्हणाली, आणि तिने कपाटातून निळी साडी काढली.